ज्याचा त्याचा हात

लोखंडी टेपच्या टोकाचा पत्र्याचा आकडा हाताला ढिला लागतो. दुकानात पारखून घेणारे गिऱ्हाईक नेमके याच कारणासाठी तो टेप बाजूला ठेवते आणि घट्ट आकड्याचा मागते. खरे तर तो ढिलाच हवा. फळीच्या कडेला अडकवून टेप ओढला की आकडा आपल्या जाडीइतका, म्हणजे साधारण एक मिलिमीटर, बाहेर सरकतो. खिडकीच्या चौकटीत आतून टेकवून दाबला की तेवढाच आत जातो. बाहेरून मापताना पत्र्याची जाडी सोडायची असते, आतून मापताना ती धरायची असते, आणि हा हिशेब आकडा स्वतःच करून टाकतो. शे-दीडशे रुपयांच्या वस्तूत कुणीतरी केवढा विचार करून ठेवला आहे!

त्याच टेपवर पहिल्या काही इंचांत बारीक रोमन आकडा छापलेला सापडतो. ती अचूकतेची प्रतवारी. पाच मीटरचा टेप दुसऱ्या वर्गाचा असेल तर पूर्ण लांबीत त्याला १.३ मिलिमीटर चुकायची मुभा आहे, पहिल्या वर्गाच्या टेपला ०.६ची आणि तिसऱ्याला २.६ची. शेजारी पुष्कळदा २० अंश सेल्सिअस असेही लिहिलेले असते, कारण त्या तापमानाला तो खरा मानायचा. बीड जिल्ह्यातल्या आमच्या आष्टीत मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात पडून पोलाद ४५ अंशांवर गेले तर ३० मीटरचा टेप जवळजवळ साडेआठ मिलिमीटरने लांबतो. टेप लांबला म्हणजे त्यावरचा आकडा कमी येतो, आणि प्लॉट दुपारी तेवढाच कमी भरतो. गवंड्याला याचे काही नाही. पण मोजणीचे काम करणाऱ्याला आहे.

आष्टीसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात बारीक मोजमाप हे काही प्रयोगशाळेचे कौतुक नव्हे. इथे पाणी बोअरमधून येते, बोअरमधली मोटार जळते आणि मग ती वाइंडिंगवाल्याकडे जाते. तांब्याची तार गेजवर ओळखतात आणि गेजची गंमत अशी की आकडा वाढला की तार बारीक होते. २२ गेजची तार ०.७११ मिलिमीटर, २३ची ०.६१०. फरक एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा, म्हणजे एखाद्या जाड केसाएवढा. तो चुकला तर भरलेली मोटार तापते आणि पुन्हा वर काढावी लागते. इतका फरक पट्टीवर दिसत नाही, त्याला स्क्रू गेज लागते. त्याचा दांडा एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर सरकतो, आणि फिरत्या नळकांड्यावर ५० खुणा असतात. म्हणजे एक खूण मिलिमीटरचा शंभरावा भाग. पॅरिसच्या झां लॉरां पामरने १८४८ साली याचे पेटंट घेतले.

मला मात्र त्याहून जुन्या वर्नियरचे नवल अधिक वाटते. पिएर वर्नियरने ते १६३१ साली छापून प्रसिद्ध केले. त्यात दोन पट्ट्या असतात आणि त्या मुद्दाम एकमेकींशी जुळत नाहीत. खालच्या पट्टीवर ४९ मिलिमीटरचे ५० भाग पाडलेले, म्हणून तिचा प्रत्येक भाग वरच्या मिलिमीटरपेक्षा ०.०२ने लहान. दोन्हींवरची कोणती रेघ सरळ एका ओळीत आली एवढेच बघायचे. पूर्ण मिलिमीटरांच्या पुढचा उरलेला भाग ती रेघ सांगते. सगळी हुशारी माणसाचा डोळा ओळखण्यात आहे. अर्ध्या-पाव मिलिमीटरचा अंदाज डोळा वाईट करतो, पण दोन रेघा एका ओळीत आहेत की नाहीत हे तो विलक्षण बारकाईने सांगतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या दोन पेशींत जेवढे अंतर असते, त्याहूनही लहान फरक त्याला कळतो. यंत्र कमकुवत जागा टाळून बलवान जागेवर भार टाकते.

आता ही हत्यारे विकत घ्यायची. आष्टीच्या हार्डवेअरच्या दुकानांत टेप, गुण्या, ओळंबा, लेव्हलची पारदर्शक नळी यांना तोटा नाही. गवंडी आणि सुतार जे वापरतात ते मिळतेच. खरे वर्नियर किंवा स्क्रू गेज मात्र नगरच्या बाजारात हातात धरून बघावे. २३ सप्टेंबर २०२२ पासून न्यू आष्टी ते नगर या ६६ किलोमीटरवर रेल्वे धावते आणि १७ सप्टेंबर २०२५पासून ती बीडपर्यंत पोचली आहे, त्यामुळे जाणे सोपे झाले. पण आता कोण जातो? फोन काढायचा आणि शोधायचे.

इथून वैताग सुरू होतो. आमच्या घरातल्या ज्या फोनवरून कधीतरी पोरांसाठी कंपासपेटी मागवली होती, त्यावर ‘स्क्रू गेज’ टाकले की शाळेचे सामान, खेळण्यातली हत्यारे आणि रंगीत पट्ट्या येतात. ज्या फोनवरून ठिबकचे सामान बघितले होते, त्यावर तेच दोन शब्द टाकले की पाण्याच्या दाबाची घड्याळे. प्रश्न एक, घर एक, आणि दोन फोनांवर दोन बाजार. तिसऱ्याच फोनवर पहिले नाव आले ते डिजिटल कॅलिपरचे, म्हणजे पडद्यावर आकडा दाखवणाऱ्या वर्नियरचे. त्याच्या पडद्यावर शंभराव्या भागापर्यंत आकडा उमटतो असे मोठ्या अक्षरांत होते. तो आकडा किती खरा हे खाली बारीक अक्षरांत: दोन ते तीन शतांश इकडे-तिकडे. किती बारीक दाखवतो आणि किती बरोबर दाखवतो या दोन गोष्टी निराळ्या आहेत. मापाचे हत्यार घेताना विचारायची पहिली गोष्ट हीच, आणि यादीच्या क्रमाशी तिचा काही संबंध दिसत नाही.

असे होते ते यंत्राच्या बावळटपणामुळे नव्हे. शोधाचे यंत्रही मोजमापच करते, आणि ते कसे करते हे कळले की आधी थक्क व्हायला होते, राग मागून येतो. तुम्ही टाकलेल्या शब्दांचे ते शेकडो आकड्यांच्या एका रांगेत रूपांतर करते. ही रांग म्हणजे शेकडो दिशा असलेल्या अवकाशातला एक बाण. दुकानातल्या प्रत्येक वस्तूचाही असा बाण तयार असतो. मग प्रश्नाचा बाण आणि वस्तूचा बाण यांच्यातला कोन मोजला जातो. कोन लहान, तर वस्तू जवळची. गवंडी कोपऱ्यात गुण्या लावतो तसेच, फक्त भिंती शेकडो आणि कोपरे लाखो. आपण मोजायचे हत्यार शोधत असतो तेव्हा दुसऱ्या टोकाला आपल्याच शब्दांचा कोन मोजला जात असतो.

एवढ्यावर भागले असते तर सगळ्यांना एकच यादी मिळाली असती. पण तिसरा बाण असतो तो तुमचा. तुम्ही पूर्वी काय उघडले, किती वेळ थांबलात, काय घेतले, तुमच्यासारख्या इतरांनी काय घेतले, यांतून तो घडतो. ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतले’ या युक्तीचा पाया अ‍ॅमेझॉनच्या ग्रेग लिंडन, ब्रेंट स्मिथ आणि जेरेमी यॉर्क यांनी २००३च्या एका लेखात मांडला. माणसाशी माणूस जुळवत बसण्यापेक्षा वस्तूशी वस्तू जुळवायची, म्हणजे कोट्यवधी गिऱ्हाइके असली तरी हिशेब आधीच करून ठेवता येतो. गूगलने डिसेंबर २००९मध्ये लॉगिन न केलेल्यांनाही व्यक्तिगत निकाल द्यायला सुरुवात केली. त्यातच एक फेरा तयार होतो. वर दिसते म्हणून माणूस दाबतो, दाबतो म्हणून ते आणखी वर येते.

आणि जागेचा घोळ वेगळाच. आष्टीचा पिनकोड ४१४२०३. सुरुवातीचे ४१४ हे आकडे नगरच्या टपालाचे, बीड शहराचे ४३१. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १५ ऑगस्ट १९७२ला ही पद्धत आणली ती पत्रे कोणत्या वाटेने जावीत याच्या सोयीसाठी. तुमचा जिल्हा कोणता हे सांगणे हा तिचा हेतूच नव्हता. त्यातून नुसते ‘आष्टी’ लिहाल तर ऑगस्ट १९४२च्या आंदोलनातली वर्ध्याची आष्टी पुढे येईल, गडचिरोलीतली येईल, नाहीतर १८१८च्या फेब्रुवारीत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले जिथे लढाईत पडले ती सोलापूरकडची. फोनचे इंटरनेट ज्या शहरातून फिरून येते त्यावरूनही यंत्र अंदाज बांधते, आणि मग पुण्यातल्या दुकानांचे पत्ते आष्टीच्या माणसाला दिसतात.

मापांचा इतिहास आठवला की हे सगळे उलटे चालल्यासारखे वाटते. हात, वीत, मूठ ही मापे ज्याच्या त्याच्या अंगावरची. कापड मोजणाऱ्याचा हात आखूड असला की गिऱ्हाईक बुडाले. सभासदाच्या बखरीत शिवकालीन जमीन मोजणीची काठी पाच हात पाच मुठींची आहे, पण तिथेच हात किती हेही बांधून दिलेले आहे: चौदा तसू, आणि सगळी काठी ब्याऐंशी तसूंची. म्हणजे शब्द ‘हात’च राहिला, पण तो कुणाचाच राहिला नाही. पुढे इंग्रजी अमदानीत ३३ फुटांची साखळी आली. तिच्या चौरसाचा गुंठा झाला, १,०८९ चौरस फुटांचा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. सातबारा बघणारा आजही त्यातच बोलतो. मग १९५६च्या कायद्याने मीटर आला. दर पायरीला मोजणारा माणूस मापातून थोडा थोडा बाहेर काढला गेला. व्यक्तिगत शोधाने त्याला पुन्हा आत आणून बसवले आहे, आणि त्याचा हात किती तसूंचा हे बांधून देणारे कुणी नाही.

कॅलिपर घेतला की आधी दोन्ही जबडे मिटून शून्यावर शून्य येतो का ते बघतात. न आल्यास तेवढा शून्य दोष प्रत्येक मापातून वजा करतात. शोधाच्या यंत्राचे जबडे मिटता येत नाहीत. खासगी खिडकी उघडली तर जुना इतिहास बराचसा बाजूला पडतो, पण जागा आणि फोनची जात तशीच राहते. मला उपयोगी पडले ते इतकेच: नुसत्या नावाऐवजी मापे लिहायची. ‘स्क्रू गेज’ न लिहिता त्याच्याच दुसऱ्या नावापुढे मापे: ‘मायक्रोमीटर ०-२५ एमएम ०.०१’. आकड्यांचा बाण फारसा हलत नाही. पाइपचेही तसेच. शेतातला ‘दोन इंची’ पीव्हीसी पाइप बाहेरून ६३ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ अडीच इंचांचा असतो. ‘अडीच इंची’ ७५चा आणि ‘तीन इंची’ ९०चा. एक इंची लोखंडी पाइप बाहेरून ३३.७ मिलिमीटरच्या आसपास भरतो, आतूनही इंच नाही. इंचात शोधाल तर बसणारा जोड येईल याची खात्री नाही, मिलिमीटरमध्ये शोधाल तर बराच गोंधळ टळतो.

कॅलिपर घरी आला की तो तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. एटीएमचे कार्ड घ्या. लांबी ८५.६० मिलिमीटर, रुंदी ५३.९८, जाडी ०.७६, जगातल्या कुठल्याही बँकेचे. ही शोधाच्या यादीत न सापडणारी प्रमाणमापे खिशातच असतात. दहाचे नाणेही चालते, व्यास २७ मिलिमीटर. दोन आणि पाचच्या नाण्यांवर मात्र आधी साल वाचा: २०११च्या मालिकेत दोनचे नाणे २५ आणि पाचचे २३ मिलिमीटरचे होते, २०१९पासूनच्या मालिकेत दोघांनी मापे अदलाबदल केली आहेत.