इसब, खरूज की गजकर्ण? मलम लावण्याआधी विचारायचे प्रश्न

बोईसर, सरावली, पास्थळच्या वस्त्यांत लहान मुलाच्या अंगावर चट्टे उठले की उत्तरे तयार असतात. शेजारीण म्हणते, उष्णता आहे. भगत म्हणतो, बाहेरचं आहे. आपण कार्यकर्ते म्हणतो, एमआयडीसीचं पाणी! आणि मेडिकलवाला काही न विचारता ट्यूब देतो. मुलाला नीट पाहिलेले कुणीच नसते.

विनयपिटकाच्या महावग्गात आनंदांचे उपाध्याय बेलट्ठसीस यांची गोष्ट आहे. त्वचारोगाच्या स्रावाने त्यांचे चीवर अंगाला चिकटे आणि भिक्खू ते पाण्याने भिजवून सोडवत. तथागतांनी आधी विचारले, याला आजार कोणता आहे? औषधी चूर्णाची परवानगी त्यानंतर दिली. आपल्याकडे हा क्रम उलटा झाला आहे.

इसब म्हणजे एक्झिमा ओळखायला रक्ताची तपासणी लागत नाही. महागड्या ॲलर्जी चाचण्यांवरूनही तो ठरत नाही. तो डोळ्यांनी पाहून आणि प्रश्न विचारून ठरतो. १९९४ साली ब्रिटिश डॉक्टरांनी मांडलेले निकष आजही वापरतात. गेल्या वर्षभरात खाज असायलाच हवी. खाज नसेल तर बहुधा इसब नाही. सोबत पुढच्यांपैकी किमान तीन गोष्टी हव्यात: कोपराच्या वा गुडघ्याच्या खोबणीत, मानेवर पूर्वी कधी चट्टे आले होते, आजही तिथे दिसतात, वर्षभरात सगळे अंग कोरडे राहिले, मुलाला दमा किंवा वारंवार शिंका-सर्दीची ॲलर्जी आहे, त्रास दोन वर्षांच्या आत सुरू झाला. चार वर्षांखालील मुलांत हा शेवटचा प्रश्न धरत नाहीत, आणि दमा-ॲलर्जी आईवडील वा भावंडांना असली तरी मोजतात. तान्ह्या बाळाचे गाल, कपाळ आणि हातापायांची बाहेरची बाजू पाहावी.

पुस्तकांतली चित्रे बहुतेक गोऱ्या कातडीची, म्हणून ‘लाल चट्टा’ शोधला जातो. आपल्या मुलांच्या सावळ्या अंगावर तो लाल दिसेलच असे नाही. तो तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतो. कधी नुसते बारीक खरखरीत पुरळ असते. हात फिरवून पाहा.

सर्वांत जास्त गल्लत खरजेशी होते. रात्री खाज वाढते का? घरात आणखी कुणी खाजवते का? बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर पुरळ आहे का? उत्तर होय असेल तर खरजेचा संशय घ्यावा. एका खोलीत सहा जण राहत असतील तर एकट्या मुलाला औषध लावून उपयोग नाही, सगळ्यांना एकाच दिवशी लावावे लागते. कडा उठलेली, मध्ये साफ झालेली गोल चकती असेल तर गजकर्ण. त्यावर स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावली की खाज थांबते, पण बुरशी आत पसरते आणि पुढे डॉक्टरलाही ओळखू येत नाही. इसबावर मात्र डॉक्टरने दिलेले स्टेरॉइड योग्य औषध आहे, त्याला घाबरू नये. आणि फिकट डाग खाजत नसेल, तिथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. ती आणि तिचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहे.

आता एमआयडीसी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर देशात सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले, गुण ९३.६९. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हे प्रकरण घेऊन हरित लवादापर्यंत गेली. त्रास खरा आहे. रसायनांनी आणि धुराने कातडी चिघळते हेही खरे. पण खरजेच्या मुलाचा फोटो ‘प्रदूषणाचा बळी’ म्हणून फिरवला की मंडळाचा अधिकारी एका प्रश्नात आपल्याला खोटे पाडतो, आणि मुलाची खाज तशीच राहते. म्हणून आधी डॉक्टरचे लेखी निदान घ्या. कधीपासून, अंगावर कुठे, पाणी कोणते, सुट्टीत गावी गेल्यावर कमी होते का, आईवडील कारखान्याचे कपडे घरीच धुतात का, हे वहीत तारखेसह लिहा.

चट्ट्यांवर मधासारखी पिवळी खपली, पू, ताप किंवा एकदम पाणीदार फोड आले, तर वही नंतर. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.