डब्यात काय आहे ते कळते, मुदत कळत नाही : दृष्टिहीनांच्या घरातील लेबलांचा प्रश्न

मुंबई : स्वयंपाकघराच्या फडताळावर एकाच मापाचे स्टीलचे आठ-दहा डबे ओळीने मांडलेले असतात. डोळस व्यक्ती झाकण उघडून आत पाहते आणि कामाला लागते. दृष्टिहीन व्यक्तीसाठी ती ओळ म्हणजे पाठ केलेला क्रम असतो : डावीकडून पहिला डबा तांदळाचा, दुसरा तूरडाळीचा, तिसरा रव्याचा. घरी आलेल्या पाहुण्याने मदत म्हणून आवराआवर केली आणि दोन डबे इकडचे तिकडे झाले, की क्रम मोडतो आणि चहात साखरेऐवजी मीठ पडते. त्यावर हसून वेळ मारून नेता येते. औषधांच्या डब्यात अशीच अदलाबदल झाली, तर तेवढ्यावर निभावत नाही.

देशात दृष्टिविषयक दिव्यांगत्व असलेल्या ५० लाखांहून अधिक व्यक्ती असल्याची नोंद २०११ च्या जनगणनेत झाली. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षणानुसार एकूण लोकसंख्येत अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आहे. पन्नास वर्षे व त्यावरील वयोगटात मात्र ते १.९९ टक्के, म्हणजे पाचपटीहून अधिक आहे. लेबलांच्या प्रश्नात हा दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा ठरतो. उतारवयात दृष्टी गमावलेल्या बहुतेकांनी ब्रेल लिपी शिकलेली नसते आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची रोजची औषधे सर्वाधिक लागतात तीही याच वयात.

खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर नाव, घटक, निव्वळ वजन आणि मुदत, तर औषधाच्या वेष्टनावर नाव, मात्रा, बॅच क्रमांक आणि मुदत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. हे छापणे डोळ्यांनी वाचणाऱ्यासाठी असते. वस्तू कोणती, हा प्रश्न दृष्टिहीनांची घरे पिढ्यानपिढ्या आपापल्या युक्तीने सोडवत आली आहेत. ती वस्तू कधीपर्यंत वापरण्याजोगी आहे, या प्रश्नाला मात्र घरच्या घरी उत्तर मिळत नाही. ती माहिती केवळ उत्पादकाकडे असते आणि तो ती शाईने लिहितो.

घरगुती युक्त्यांचा विचार केला, तर बरेच काम वास, स्पर्श आणि आवाजच करतात. हिंग, जिरे, धणे नाकाला कळतात. डब्याला हलका हिसका दिला की साबुदाणा आणि रवा यांचा आवाज वेगळा येतो. अडचण येते ती एकसारख्या पिठांची आणि पांढऱ्या भुकट्यांची. मैदा आणि तांदळाचे पीठ किंवा खाण्याचा सोडा आणि बारीक मीठ यांच्या बाबतीत चुटकीभर चाखून पाहणे हाच शेवटचा उपाय उरतो. मिसळणाच्या डब्यात वाट्यांचा क्रम ठरलेला असतो. डबा गोल असल्याने क्रम कोठून मोजायचा हे कळावे, म्हणून कडेला एक खूण करून घ्यावी लागते. डिंकाचा वाळलेला थेंब किंवा बाजारात मिळणारा चिकट उंचवटा त्यासाठी पुरतो.

ब्रेल जाणणाऱ्यांना यापुढे जाता येते. भारती ब्रेल ही भारतीय भाषांसाठीची समान ब्रेल पद्धती १९५१ मध्ये स्वीकारली गेली. तीत स्वरचिन्हाला स्वतंत्र घर मिळते आणि ते व्यंजनानंतर येते. त्यामुळे ‘मीठ’ हा शब्द तीन घरांत आणि ‘साखर’ चार घरांत बसतो. ब्रेलची पाटी आणि टोचा घेऊन जाड प्लॅस्टिकच्या पट्टीवर हे शब्द उमटवले, तर ते तेलकट हातांना आणि धुण्याला टिकतात. कागदावरचे ठिपके थोड्याच दिवसांत दबून सपाट होतात. पट्टी झाकणावर लावू नये, डब्याच्या अंगावर लावावी, कारण घासताना झाकणे हमखास बदलतात. परदेशी सल्लापुस्तिकांत लोहचुंबक लावलेल्या लेबलांची शिफारस आढळते. भारतीय स्वयंपाकघरात ती फारशी उपयोगी पडत नाही, कारण चांगल्या प्रतीच्या स्टीलच्या डब्याला चुंबक सहसा चिकटत नाही. येथे रबरबँडमध्ये अडकवलेली पट्टी अधिक सोयीची. डबा रिकामा झाला की ती काढून ठेवायची. ती हाताशी असणे म्हणजेच बाजारहाटाची यादी.

औषधांपाशी आल्यावर या सगळ्या कौशल्याची कसोटी लागते. रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची आणि आम्लपित्ताची गोळी लहान, गोल आणि गुळगुळीत असू शकते. थायरॉइडच्या गोळ्यांच्या २५, ५० आणि १०० मायक्रोग्रॅमच्या बाटल्या हाताला सारख्याच लागतात. काचबिंदूच्या रुग्णाला डोळ्यांत दोन-तीन प्रकारचे थेंब घालावे लागतात आणि त्या बाटल्याही बहुधा एकाच आकाराच्या असतात. त्यांच्या टोपणांना औषधाच्या गटानुसार वेगवेगळे रंग देण्याची पद्धत जगात अनेक ठिकाणी आहे. पण ज्याची दृष्टी मंदावली आहे त्यालाच रंग ओळखायला सांगणारी ही पद्धत म्हणावी लागेल. थेंबांची बाटली समजून झटपट चिकटणाऱ्या गोंदाची बाटली डोळ्यांत रिकामी झाल्याच्या घटना नेत्रवैद्यकीय नियतकालिकांत अनेकदा नोंदल्या गेल्या आहेत.

सर्वांत गंभीर प्रसंग इन्सुलिनचा. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला इजा होऊन दृष्टी गेलेल्या व्यक्तीला पुष्कळदा दोन प्रकारचे इन्सुलिन घ्यावे लागते : जेवणाआधीचे जलद परिणाम करणारे आणि दिवसभर पुरणारे संथ. दोन्हींची पेने दिसायला वेगळी, धरायला मात्र जवळपास सारखी. संथ इन्सुलिनच्या जागी तितक्याच मात्रेत जलद इन्सुलिन टोचले गेले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मात्रा ठरवताना पेनाचा प्रत्येक टप्पा ‘टक’ असा वाजतो, त्यामुळे युनिट मोजता येतात. काही उत्पादक दोन पेनांच्या कळींना वेगळा स्पर्शही देतात. तरी एका पेनाला कायमचा रबर लावून ठेवणे आणि दुसऱ्याला काहीच न लावणे, हीच सवय अधिक भरवशाची.

गोळ्यांसाठीही रबरबँडचीच युक्ती चालते. एक रबर म्हणजे सकाळची, दोन म्हणजे रात्रीची. औषधे चार-पाचांवर गेली की ही पद्धत अपुरी पडते. मग आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी घेतली जाते. ती एकदा भरून देणारे डोळस माणूस घरात असावे लागते आणि भरताना झालेली चूक सात दिवस चालते. शिवाय काही गोळ्या पट्टीतून बाहेर काढल्यावर ओलाव्याने किंवा उजेडाने खराब होतात. कोणती गोळी आधी काढून ठेवली तर चालेल, हे औषधविक्रेत्याला विचारूनच ठरवावे.

युरोपीय संघाने या प्रश्नावर २००४ मध्ये उत्तर शोधले. औषधविषयक निर्देशात कलम ५६अ समाविष्ट करून औषधाचे नाव बाह्य वेष्टनावर ब्रेलमध्ये उमटवणे बंधनकारक करण्यात आले. यासाठी मारबुर्ग मीडियम हे माप रूढ आहे. त्यात ठिपक्यांमधील अंतर अडीच मिलिमीटर आणि एका अक्षरापासून पुढच्या अक्षरापर्यंतचे अंतर सहा मिलिमीटर असते. म्हणजे दहा अक्षरांच्या नावाला सुमारे सहा सेंटिमीटर जागा लागते. भारतात तयार होऊन त्या बाजारात जाणाऱ्या औषधांनाही हा नियम लागू आहे. ब्रेल उमटवणे भारतीय औषध उद्योगाला जमणार नाही, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

तरीही तो नियम जसाच्या तसा येथे आणून भागणार नाही. युरोपात ग्राहकाला गोळ्यांचे पूर्ण खोके मिळते. भारतात दहा पट्ट्यांचे खोके दुकानातच राहते आणि ग्राहकाच्या हाती एक पट्टी, अनेकदा तर कात्रीने कापलेल्या चार गोळ्या पडतात. पट्टीचा पृष्ठभाग गोळ्यांच्या खळग्यांनी व्यापलेला असतो, तेथे सहा सेंटिमीटरचे ब्रेल नाव वाचता येईल असे उमटवणे अवघड. मुदत आणि बॅच क्रमांक बहुधा पट्टीच्या एका टोकाला छापलेले असतात. ते टोक आधीच्या ग्राहकाकडे गेले असेल, तर उरलेल्या तुकड्याची मुदत डोळस माणसालाही कळत नाही. आणि युरोपीय नियमातही ब्रेलची सक्ती नावापुरती आहे. मुदत तेथेही शाईनेच छापली जाते.

क्यूआर कोड हा त्यावरचा उपाय मानला जातो आणि त्या दिशेने दोन पावले पडली आहेत. औषध नियमांतील अनुसूची एच-२ नुसार १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषध ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला. त्यात औषधाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत ही माहिती असते. ही तरतूद बनावट औषधे ओळखण्यासाठी करण्यात आली, दृष्टिहीनांसाठी नव्हे. पट्टीवर जागा अपुरी असेल तर कोड बाह्य वेष्टनावर छापण्याची मुभा आहे, आणि ते वेष्टन सुट्या पट्टीच्या ग्राहकापर्यंत पोहोचतच नाही. दुसरे पाऊल भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे. दृष्टिबाधितांना माहिती मिळावी म्हणून खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर क्यूआर कोड देण्याची शिफारस प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. नाव, घटक, मुदत, ज्यांची ॲलर्जी असू शकते असे पदार्थ, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह असा तपशील त्यातून मिळणे अपेक्षित आहे. मात्र ही शिफारस आहे, सक्ती नव्हे.

कोड असला तरी तो सापडला पाहिजे. गुळगुळीत पिशवीवर छापलेला चौकोन बोटांना लागत नाही; मोबाइल हातात धरून पिशवी चहूबाजूंनी फिरवत राहावे लागते. कोडाच्या कडेला दोन उंच रेषा किंवा कोपऱ्याला खाच एवढ्यानेही काम भागू शकते. कोडामागे उघडणारे पान छायाचित्राच्या स्वरूपात असेल, तर स्क्रीन रीडरला त्यातील एकही शब्द मिळण्याची खात्री नसते. नेहमीचा उभ्या रेषांचा बारकोड तर मुदतीच्या बाबतीत मुकाच असतो. ‘८९०’ ने सुरू होणारा, जीएस-१ इंडिया या संस्थेकडे नोंदलेला क्रमांक उत्पादन ओळखतो. गेल्या वर्षीचा पुडा आणि कालचा पुडा या दोघांचा क्रमांक एकच असतो.

मोबाइलमधील साधनांनी गेल्या काही वर्षांत बरीच मदत केली आहे, हे मान्य करायला हवे. मायक्रोसॉफ्टचे सीइंग एआय आणि गूगलचे लुकआउट ही ॲप छापील मजकूर वाचून दाखवतात. डेन्मार्कमध्ये सुरू झालेले बी माय आइज २०१५ पासून व्हिडिओ कॉलवर डोळस स्वयंसेवकांशी जोडून देते. पण चकाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर दाबून उमटवलेली मुदत कॅमेऱ्याला सहज वाचता येत नाही. वर्षाचा एक अंक चुकीचा वाचला गेला, तरी यंत्राचा आवाज तेवढ्याच ठामपणे तो उच्चारतो. स्वयंसेवकाला किंवा शेजाऱ्याला विचारावे, तर आपला आजारही त्याला कळतो. मानसिक आजाराची किंवा एचआयव्हीची औषधे घेणाऱ्याला ही किंमत मोठी वाटते.

भाषेचा अडसर वेगळाच. खाद्यपदार्थांवरील अनिवार्य माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत देणे पुरेसे आहे. अन्य भाषा ऐच्छिक. साताऱ्यातील किंवा बेळगावातील केवळ मराठी जाणणाऱ्या आजींना फोनने लेबल अचूक वाचून दाखवले, तरी ते त्यांना समजेलच असे नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४३ नुसार सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंच्या विकासाला, उत्पादनाला आणि वितरणाला चालना देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. चालना म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूडी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेविषयीचा नियम १५(१) रद्दबातल ठरवला. त्याखालील मानके निव्वळ मार्गदर्शक होती, तर कायद्याला किमान काही सक्तीची मानके अपेक्षित आहेत, असा त्या निकालाचा रोख होता. तो खटला लेबलांविषयी नव्हता; पण शिफारस आणि सक्ती यांतील तोच फरक अन्नपदार्थांच्या क्यूआर कोडलाही लागू पडतो.

लेबलाच्या नियमांत असा बदल भारतात पूर्वी झालेला आहे. मांसाहारी पदार्थाचे तपकिरी वर्तुळ शाकाहारी पदार्थाच्या हिरव्या वर्तुळापासून रंगांध व्यक्तींना वेगळे ओळखता येत नव्हते. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी वर्तुळाच्या जागी त्रिकोण आणला आणि तो सर्व उत्पादकांवर बंधनकारक केला. जपानमध्ये काओ या कंपनीने १९९१ मध्ये शाम्पूच्या बाटलीच्या कडेला खाचा दिल्या. पुढे इतर उत्पादकांनीही तीच खूण स्वीकारली. तेथील दुधाच्या खोक्याच्या माथ्यावरही अर्धगोल खाच असते. आपल्याकडील फुल क्रीम आणि टोन्ड दुधाच्या पिशव्या आजही केवळ रंगाने वेगळ्या आहेत.

नियम बदलेपर्यंत बरेच काही औषधाच्या दुकानातच साधता येते. शक्य असेल तेव्हा पूर्ण पट्टी घ्यावी आणि प्रत्येक औषधाची मुदत विक्रेत्याकडून मोठ्याने वाचून घेऊन त्याच वेळी फोनवर ध्वनिमुद्रित करावी. पट्टीचे मुदत छापलेले टोक कोणते, ते बोटाला दाखवायला सांगून तेथे चिकटपट्टीचा तुकडा दुमडून लावावा आणि गोळ्या नेहमी विरुद्ध टोकाकडून काढाव्यात. घरातल्या डोळस माणसांनी फडताळ आवरण्यापूर्वी एकदा विचारावे.