क्रूस गाळून उरलेला योहान

शिवाजी पार्कहून गोखले रोडने प्रभादेवीकडे निघालात, की दादरचे पोर्तुगीज चर्च लागते. आजची इमारत चार्ल्स कोरियांची, १९७०च्या दशकातली. मूळ चर्च मात्र फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी १५९६मध्ये बांधलेले. तेव्हा मुंबईची बेटे पोर्तुगिजांकडे होती, आणि याच किनाऱ्यावरच्या गोव्यामार्गे युरोपातली धर्मचित्रे मोगल दरबारी पोचत होती. त्यांत छापील चित्रांचा वाटा मोठा. रंगवलेले चित्र एकच असते आणि समुद्रप्रवासात खराब होते. तांब्याचा पत्रा कोरून, रेघांत शाई भरून ओलसर कागद दाबला, की शेकडो प्रती निघतात आणि पुस्तकाच्या पानांत मावतात.

१५८०मध्ये रुडॉल्फ अक्वाविवा, आंतोनिओ मोन्सेरात हे जेझुइट पाद्री गोव्याहून फतेहपूर सिक्रीला पोचले. अकबराला त्यांनी अँटवर्पच्या प्लांतँ छापखान्याचे बहुभाषी बायबल भेट दिले. बादशहाने पगडी उतरवून ते मस्तकी लावले. या बायबलच्या मुखचित्रात सिंह, बैल, लांडगा आणि कोकरू एकत्र चरताहेत. यशया संदेष्ट्याने सांगितलेली ही मसीहाच्या राज्यातली शांतता.

अशा चित्रांत प्राणी शोभेला नसत. चित्रकार आल्ब्रेख्त ड्युररच्या १५०४च्या ‘आदाम आणि हव्वा’मध्ये मांजर, ससा, बैल आणि एल्क हरीण दिसतात. आपल्या वात-पित्त-कफासारखे युरोपीय वैद्यकात चार रस मानले जात. हे चौघे त्या चार प्रकृती. फळ खाईपर्यंत माणसात त्यांचा समतोल होता, नंतर तो ढळला, असा त्याचा अर्थ लावतात. म्हणून मांजर अजून पायाशी निवांत आहे आणि समोरचा उंदीरही.

१५११च्या ड्युररच्या एका तळहाताएवढ्या ताम्रचित्रात क्रूसावरचा येशू, शेजारी मारिया आणि शिष्य योहान आहेत. १६०० साली, दादरचे चर्च उभे राहून चारच वर्षे झाली असताना, मोगल दरबारातल्या अबुल हसन नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने त्यातला एकटा योहान उतरवला. ते रेखाटन आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. जुळलेले हात आहेत, झग्याच्या घड्या आहेत. क्रूस नाही, येशू नाही. योहान कुणासाठी शोक करतो आहे, ते कागदावरून कळतच नाही.

पोराला अर्थ कळला नसेल, असे म्हणून मोकळे होता येते. मला ते पटत नाही. दरबारात पाद्री होते, धर्मचर्चा झडत होत्या. विचारले असते तर कुणीही सांगितले असते. त्याला हवी होती ती नुसत्या रेघांनी कापडाला वजन आणण्याची युक्ती, आणि ती त्याने उचलली. गोव्यात याच्या उलट घडले. फादर स्टीफन्सने ‘क्रिस्तपुराणा’त येशूची कथा पुरी ठेवली, पेहराव मात्र मराठी ओवीचा दिला, १६१६मध्ये ते रायतूरला छापले गेले.

हाच अबुल हसन पुढे जहांगीरचा लाडका चितारी झाला. १६१८च्या सुमारास त्याने जहांगीर इराणच्या शाह अब्बासला मिठी मारतो आहे असे चित्र काढले. दोघे प्रत्यक्षात कधी भेटलेच नव्हते. बादशहामागे भलेमोठे तेजोवलय, ते पेलणारी पंखवाली बाळे थेट युरोपीय चित्रांतली. पायाखाली पृथ्वीगोल, त्यावर सिंह आणि कोकरू. एबा कॉख या कलेतिहासकार मोगल चित्रांतल्या या जोडीचा माग त्या अँटवर्पच्या मुखचित्रापर्यंत नेतात. इथे ती मसीहाची नाही, जहांगीरच्या न्यायाची खूण आहे. सिंहावर जहांगीर उभा, कोकरावर शाह अब्बास. आणि सिंहाने ऐसपैस पसरून कोकराला पार भूमध्य समुद्राकडे सरकवले आहे.