गावाच्या नकाशात कोणता रंग भरणार?

शेत, बागायत की वस्ती, हे ठरते आराखड्याच्या नकाशावर. गोव्यातल्या गावकऱ्यांनी तो नकाशा उलगडून वाचला आणि सरकारला आख्खा आराखडा मागे घ्यावा लागला. पण गावातल्या मुलांच्या घराचा प्रश्न त्याने सुटला का?

सरकारी राजपत्र वाचायची सवय कोणत्याच गावाला नसते. राजपत्रात प्रसिद्ध झालेला प्रादेशिक आराखडा मात्र गावाला पुढची कित्येक वर्षे बांधून ठेवतो. कोणत्या सर्व्हे नंबरात भात पिकवायचे, कुठे काजू-नारळ राखायचे आणि कुठे घरे बांधायची, हे त्यातल्या रंगांवरून ठरते. जमीन तुमच्या नावावर आहे, उताऱ्यावर तुमचे नाव आहे, एवढ्याने घर बांधता येत नाही. नकाशात ती जागा ‘सेटलमेंट’ म्हणजे वस्तीची असावी लागते.

गोव्याचा २००१ सालापर्यंतचा पहिला प्रादेशिक आराखडा १९८६ मध्ये लागू झाला. दुसरा, २०११ सालासाठीचा, अधिसूचित झाला तो थेट ऑगस्ट २००६ मध्ये! मुदत संपायला जेमतेम पाच वर्षे उरली असताना आलेल्या या नकाशाकडे लोकांनी नीट पाहिले, तेव्हा डोंगरउतार, बागायती आणि सखल शेते यांवर वस्तीचा रंग चढलेला दिसला. वास्तुविशारद, डॉक्टर, शिक्षक, शेतकरी असे सगळे कामाला लागले. गावोगावी बैठका झाल्या, नकाशे भिंतीवर टांगून समजावून दिले गेले. ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले. डिसेंबर २००६ मध्ये पणजीच्या आझाद मैदानावर मोठी सभा झाली आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारने आराखडा रद्द करण्याचे जाहीर केले. अधिसूचना निघून पुरते सहा महिनेही झाले नव्हते.

विरोध करून थांबणे सोपे असते. गोव्यात पुढचे, अधिक कष्टाचे काम झाले. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या जाणकारांचा कृतिगट २०२१ सालच्या आराखड्यासाठी नेमला गेला आणि मसुद्याचे नकाशे पंचायतींकडे पाठवण्यात आले. आपल्या गावात काय आहे आणि काय हवे, ते गावानेच सांगावे, अशी ही पद्धत.

कचेरीला न दिसणारे गाव

कचेरीतल्या नकाशात रेषा असतात, गाव नसते. पावसाळ्यात ज्या उतारावरून पाणी झऱ्याला जाते तो उतार, उन्हाळ्यात अख्ख्या वाड्याला पुरणारी विहीर, गुरांची वाट, देवराई हे सारे गावच्या माणसाला ठाऊक असते. खाजण शेतीचेच पाहा. खाडीकाठच्या या जमिनी पूर्वजांनी बांध घालून समुद्राच्या पाण्यापासून सोडवल्या. ‘मानस’ नावाच्या दारांतून भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडायचे, भात घ्यायचे आणि मासळीही धरायची. अशा जागी एकाने मातीचा भराव टाकला की पाणी शेजाऱ्याच्या शेतात तुंबते. परगावच्या माणसाला ती नुसती मोकळी, स्वस्त जमीन वाटते.

डोंगर कापायचा किंवा सखल जमीन बुजवायची तर गोव्याच्या नगर नियोजन कायद्याच्या १७-अ कलमाखाली आधी परवानगी लागते. पण कलम माहीत असलेला शेजारीच नसेल तर तक्रार करणार कोण? नव्या आराखड्यात राज्याच्या निम्म्याहून अधिक भूभागाला पर्यावरणदृष्ट्या सर्वांत संवेदनशील ठरवले गेले, हे मोठेच पाऊल होते. तरीही गावांचे सारे म्हणणे त्यात उतरले नाही. शेवटच्या नकाशात न मागितलेले रस्ते नि वस्त्या कशा आल्या, असे अनेक गावांनी विचारले. वाद वाढला आणि २०१२ मध्ये नव्या सरकारने हा आराखडा काही काळ बाजूला ठेवला.

मग आमच्या मुलांनी राहायचे कुठे?

या सगळ्यात एक अवघड बाजू आहे आणि ती बहुधा सभांमध्ये बोलली जात नाही. बागायत वाचवा म्हणणाऱ्या गावातच चार भावांचे एक कौलारू घर असते. लग्ने झाली, खोल्या पुरेनाशा झाल्या. थोरल्याने मागच्या परसात खोली काढायची म्हटली तर जागा ‘ऑर्चर्ड’मध्ये आहे, परवाना मिळत नाही. कुळाला मिळालेल्या शेतजमिनीचे तर विचारायलाच नको. १९९१ च्या जमीन-वापर कायद्याने ती शेतीसाठीच राखलेली आहे. कित्येक मुंडकारांची घरे अजून भाटकाराच्या जमिनीत उभी आहेत. १९७५ च्या कायद्याने संरक्षण मिळाले खरे, पण कागद पूर्ण होण्यात पिढी जाते.

आणि याच वेळी शेजारच्या टेकडीवर पोहण्याच्या तलावासह बंगले उभे राहतात! २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या साधारण दर पाच घरांमागे एक घर रिकामे आढळले होते. म्हणजे घरे बांधली जात नाहीत असे नाही, ती गावच्या माणसाच्या आवाक्यातली नाहीत. म्हणून ‘जमीन वस्तीत घाला’ म्हणणारा प्रत्येक गावकरी बिल्डरचा माणूस नसतो, त्याला खरोखरच दोन खोल्या हव्या असतात. गावाने आपल्या नकाशात या दोन खोल्यांची जागा स्वतःहून दाखवायला हवी. जुन्या वाड्यालगत, रस्ता आणि पाणी जिथे आहे तिथे. नुसते ‘नको’ लिहून पाठवले की ही गरज दलालाच्या हाती जाते.

मागच्या दारातून

आराखडा झाला तरी सावध राहावे लागते, हेही गोव्यानेच शिकवले. २०२३ मध्ये नगर नियोजन कायद्यात १७(२) हे पोटकलम आले. आराखड्यात ‘नजरचुकीने’ राहिलेल्या चुका दुरुस्त करण्याची त्यात सोय होती. मालकाने अर्ज करायचा आणि त्याच्या भूखंडाचा रंग बदलायचा. गावाला आधी विचारण्याची तरतूद नव्हती. तुकड्या-तुकड्याने झालेल्या या बदलांविरुद्ध संस्था न्यायालयात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या कलमाखालचे नियम व मार्गदर्शक सूचना रद्दबातल ठरवल्या. त्याआधी, २०२४ मध्ये, ३९-अ हे आणखी एक कलम आणले गेले होते. त्यातही जमिनीचा वापर बदलण्याची वाट होती. फरक एवढाच की लोकांना हरकती-सूचना देण्यासाठी ३० दिवस ठेवले होते.

तीस दिवस! त्यात निम्मे दिवस नोटीस निघाल्याचे कळण्यातच जातात. महाराष्ट्रातल्या वाचकांनाही हे नवे नाही. तिथल्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली विकास आराखड्याचा मसुदा निघतो, तेव्हाही हरकतींना ठरावीक मुदत असते आणि ती टळली की ऐकणारे कोणी नसते.

हरकत लिहायला वकीलच लागतो, असा अनेकांचा समज आहे. तसे नाही. सर्व्हे नंबर, उताऱ्याची प्रत, जागेवर आज काय उभे आहे ते, आणि पाणी कुठून येते-जाते ते साध्या मराठीत लिहावे. गोव्यात उताऱ्याला ‘एक-चौदा’ म्हणतात, महाराष्ट्रात सात-बारा. भर पावसात काढलेले छायाचित्र सोबत जोडले तर दहा पाने लिहिण्यापेक्षा जास्त कळते. शंभर जणांच्या सह्यांचा एकच छापील मजकूर पाठवण्याऐवजी ज्याची विहीर, ज्याचा बांध, त्याने आपले आपण लिहावे. घरातल्या बायकांचे म्हणणे तर हमखास राहून जाते. विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात खाली जाते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? ग्रामसभेत ठराव झाला तर त्याची नोंद इतिवृत्तात झाली की नाही, ते पुढच्या सभेत वाचून घ्यावे. आणि अर्ज कचेरीत देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपुढून हलू नये.