तार, अर्थिंग, चालू, बंद

देवळीत वर्धा–यवतमाळ रस्त्याच्या कडेला, टिनाच्या एका दुकानात मी बसलोय. नोव्हेंबरची संध्याकाळ. बाहेरून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्यात आणि आत काकाजी कपड्यांची इस्त्री तापवताहेत. इस्त्री फिरवायची आहे ती ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर.

काम झटका मशीनचं आहे. तुरीत, हरभऱ्यात रानडुकरं आणि रोही घुसतात, म्हणून शेताभोवती तार ओढून तिला बॅटरीवरचं हे यंत्र जोडतात. ते साधारण सेकंदाच्या अंतरानं क्षणभरच ठोका देतं. मधल्या वेळात जनावर मागे सरतं. कुणी 230 व्होल्टची लाइन थेट कुंपणात सोडली तर करंट सलग वाहतो, धरलेला हात सुटत नाही. डुकरांसाठी सोडलेल्या त्या करंटनं माणसं मेलीत. म्हणून असा डबा नीट बनवून देणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो.

डबा जुन्या स्टॅबिलायझरचा. सर्किट बसलंय, राहिलाय तो दर्शनी पत्रा. गेल्या वर्षीच्या डब्यावर मार्करनं लिहिलेली चिकटपट्टी होती. दवानं अक्षरं पुसली, जागलीला गेलेल्यानं अंधारात बॅटरीची लाल-काळी उलटी लावली, मशीन जळालं. चार रात्रींत डुकरांनी तुरीचा अख्खा कोपरा आडवा केला.

पत्रा स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडचा उरलेला तुकडा आहे. भोकं आधीच पाडलीत. काकाजी बारीक पॉलिश पेपर एकाच दिशेनं ओढतात, थिनरच्या फडक्यानं पुसतात आणि मग पत्रा फक्त कडांनी धरतात. बोटाचं तेल लागलं की अक्षर धरत नाही. पोरगा झेरॉक्सच्या दुकानातून पान घेऊन येतो. जुन्या मासिकाचा गुळगुळीत कागद, त्यावर लेझर प्रिंट.

"उलटं छापलं?" मी विचारतो.

"उलटंच पाहिजे जी. कागद पालथा पडला का सुलटं उमटते."

शाईचा प्रिंटर इथे चालत नाही. लेझरची काळी पूड मुळात प्लास्टिकची. उष्णतेनं वितळून ती कागद सोडते आणि धातूला चिकटते. सर्किटचे तांब्याचे बोर्ड घरी बनवणारे हीच युक्ती वापरतात. स्क्रीन प्रिंटिंग सुबक होतं, पण एका डब्यासाठी कोण फ्रेम बनवणार?

काकाजी कागद पत्र्यावर ठेवून दोन्ही बल्बसमोर धरतात. भोकांतून आलेला उजेड छापलेल्या वर्तुळांत नेमका पडेपर्यंत कागद केसभर सरकवत राहतात. मग टेप, मग इस्त्री. दाबून, न घासता, कडांवर जास्त वेळ. दुकानात गरम कागदाचा वास भरतो.

कोमट पाण्याच्या परातीत कागद फुगतो. पोरगा अंगठ्यानं लगदा सोलतो आणि अक्षरं एकेक वर येतात: बॅटरी. चालू. बंद. तार. 'अर्थिंग'मधली वेलांटी मात्र कागदासोबत निघून येते. देवनागरीचं हे नाजूक दुखणं आहे. बारीक मात्रा-वेलांट्या आधी सुटतात, आणि शिरोरेघेचं एक टोक उचललं की अख्खा शब्द निघतो. काकाजी टोकदार मार्करनं वेलांटी भरतात. इंग्रजी अक्षरं सोपी गेली असती, पण हा डबा वाचणार आहे ती दारात उभी असलेली काकू.

तिच्या हातात पत्रा दिला जातो. वरून लॅकरचे पातळ हात अजून मारायचेत. ती बोट ठेवून वाचते, "तार... अर्थिंग... चालू..." बोट एका भोकाशी थांबतं.

"अन् हे कायचं?"

"लाइट लागते तिथं. लाल."

"लाल लागला म्हंजे मशीन चालू हाये, का बॅटरी उतरली?"

पोरगा काकाजींकडे पाहतो. "बॅटरी उतरली का लागते," काकाजी सांगतात.

"मंग लिहा नं तसं. मी एकटी राहतो रात्री. कोणाले पुसू?"

काकाजी थोडा वेळ पत्रा न्याहाळतात. अक्षरं छान उमटलीत. मग ते थिनरची बाटली उघडतात, फडकं भिजवतात आणि सगळं पुसून काढतात. पोरगा सायकल काढतो; झेरॉक्सवाल्याचं दुकान बंद व्हायला अजून अर्धा तास आहे.