अंगणासाठी चारोळी, बिब्बा की बेहडा?

चारोळी, बिब्बा व बेहडा ही आपल्या रानातील झाडे सावलीबरोबर बियांतील मगजही देतात. अंगणासाठी निवड करताना मात्र मगजापेक्षा उन्हाळ्यातील सावली व मुलाबाळांची सुरक्षितता आधी पाहावी.

बिब्ब्याची गोडंबी पौष्टिक असली तरी फळाच्या कवचातील तेलाने कातडीवर फोड येतात. म्हणून हे झाड घरापासून दूर, बांधावरच बरे. बेहडा ३० मीटरपर्यंत वाढतो. परंतु उन्हाळ्याच्या तोंडावरच त्याची पानगळ होते. त्याचा मगज जास्त खाल्ल्यास गुंगी येते. चारोळी मध्यम उंचीची असून उन्हाळ्यातही सहसा हिरवी राहते. फळे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. म्हणून अंगणासाठी चारोळीच निवडावी.

चारोळीला हलकी, मुरमाड जमीन चालते. मात्र पाणी साचू देऊ नये. पिकलेल्या फळांचा गर धुऊन ताजे बी पिशवीत लावावे. जुन्या बियांची उगवण कमी होते. सोटमूळ खोल जात असल्याने रोप लहान असतानाच पावसाळ्यात कायम जागी, घरापासून ६ ते ८ मीटरवर लावावे. वाढ सावकाश होते. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षे कुंपण करून उन्हाळ्यात पाणी द्यावे. फळे काढताना फांद्या तोडू नयेत. फांद्या गेल्या की सावलीही जाते.