टोपीकर, वतनदार आणि अमात्यांचे आज्ञापत्र

इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचा सल्लागार विल्यम सेसिल याच्या कागदपत्रांत दोन चिंता पुन्हा पुन्हा डोकावतात. एक घरच्या बंडखोर सरदारांची, दुसरी समुद्रापलीकडच्या स्पेनची. १५६९ साली उत्तरेतील सरदारांनी बंड केले आणि १५८८ साली स्पेनचे आरमार चालून आले; तेव्हा त्या चिंता निराधार नव्हत्या. आपल्या मराठी मुलखातही अशा दुहेरी चिंतेतून लिहिलेला एक लेख आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' ते हेच. कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नावे ते १७१५च्या सुमारास सिद्ध झाले.

पंतांनी शिवछत्रपतींपासून पुढील पिढ्यांची सेवा केली. १६८९ साली संभाजीराजांचा वध झाला, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीस गेले. त्या वेळी महाराष्ट्राचा कारभार 'हुकूमतपनाह' या अधिकाराने पंतांकडे होता. राज्य बुडता बुडता कोण कोठे उभा राहतो, हे त्यांनी जवळून पाहिले.

टोपीकरांविषयीचे त्यांचे विवेचन आजही वाचकास थक्क करते. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस हे सावकारी करतात खरे, परंतु ते इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत आणि राजांस भूमीचा लोभ असतोच, असे पंत बजावतात. त्यांचे बळ आरमार, तोफा आणि दारूगोळा यांत आहे. म्हणून वखारीस जागा द्यावयाची तर किनाऱ्यापासून दूर, आत द्यावी. बळकट इमारत बांधू देऊ नये. हा केवळ तर्क नव्हता. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरास तोफांचे साहाय्य केले आणि पुढच्याच वर्षी शिवरायांनी राजापूरची वखार लुटून तेथील इंग्रजांस कैद केले. व्यापारी म्हणून आलेल्यांच्या वखारीतून तोफा निघतात, हा धडा राज्याने तेव्हाच घेतला होता.

आमच्या मते मात्र या लेखाचा अधिक धारदार भाग वतनदारांविषयीचा आहे. देशमुख, देशकुलकर्णी, पाटील यांस पंत राज्याचे दायादच मानतात. बळ वाढताच ते गढ्या बांधतात, शेजाऱ्याची भूमी दाबतात आणि परचक्र येताच वतनाच्या आशेने शत्रूस आधी जाऊन भेटतात, घरचे भेद सांगतात. त्यांना निराश करू नये, पण मोकळेही सोडू नये, असा मधला मार्ग ते सुचवितात. नवी वतने देऊ नयेत, कारण दिलेली भूमी राज्यातून वजा होते, हेही स्पष्ट सांगतात. गंमत अशी की, जिंजीच्या काळात माणसे राखण्यासाठी वतने आणि इनामे वाटावी लागली, ती पंतांच्याच कारकिर्दीत. त्यांचे घराणेही जहागीरदारच. बावड्याची जहागीर त्यांच्या वंशात विसाव्या शतकापर्यंत चालली. हा लेख लिहिणारा वतनांचा मोह बाहेरून नव्हे, आतून जाणत होता.

पंतांच्या डोळ्यांसमोरचे वतनदार गढीतले आहेत. त्याच व्यवस्थेत गावकुसाबाहेरच्या महारासही 'वतनदार' म्हणत. त्याच्या वतनाने गढी उभी राहिली नाही. थोडीशी जमीन, बलुते आणि त्या बदल्यात रात्रंदिवस सांगेल ते काम, एवढेच त्यात होते. राज्यास भय होते ते गढीतल्या वतनाचे. या वतनाचे भय मात्र ते कसणाऱ्यालाच होते. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि समाजबांधवांस वतनाच्या मोहातून बाहेर पडण्याचे आवाहन केले. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबईचा तो कायदा इकडे लागू नव्हता. वतने मात्र इकडेही होती, आणि या स्मरणिकेच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनी ती कामे स्वतः केलेली आहेत.